नंबर कोणत्या कंपनीचा, कसं ओळखायचं?

रावेरला आईचा रिचार्ज करायचाय, पण सिम कोणत्या कंपनीचं ते तिला सांगता येत नाही, असं तुम्ही विचारलंय. सुरुवातीच्या आकड्यांवर जाऊ नका. नंबर मुळात कोणत्या कंपनीला दिला होता, एवढंच त्यावरून कळतं. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता, म्हणजे पोर्ट करता येते, म्हणून सुरुवातीच्या आकड्यांवरून कंपनी सांगणारे जुने तक्ते फसवतात. फोनपे किंवा गुगल पेच्या रिचार्जमध्ये नंबर टाका, कंपनीचं नाव बहुधा आपोआप येतं. नुकताच पोर्ट केलेला असेल तर तेही चुकू शकतं. म्हणून पैसे भरण्याआधी आईला फोन लावा आणि स्क्रीनवर, रेंजच्या दांड्यांजवळ काय लिहिलंय ते वाचायला सांगा. आमच्या काकूंनी एकेक अक्षर लावत वाचलं, तेवढ्यावर काम झालं.