कोकणातल्या घरचा पंप, दिवे आणि कॅमेरा मुंबईतून मोबाईलवर चालवायचे आहेत. कोणता स्मार्ट प्लग घ्यावा?

पंपासाठी कुठलाच नाही.

तुम्ही लिहिलंय की वडील थकलेत, आगर शिंपायचं तर त्यांना विहिरीपर्यंत खेपा घालाव्या लागतात, आणि मित्राने १६ अँपिअरचा वायफाय प्लग सुचवलाय. वर स्मार्ट डोअरबेलचंही विचारलंय. हे वाचल्यावर राहवलं नाही, कारण हेच रामायण आमच्या घरी होऊन गेलंय. मी पुण्यात आयटीत आहे, काम सर्व्हरच्या बाजूचं. म्हणजे तुमच्या त्या ॲपच्या मागे जे बसलेलं असतं, तसलंच काहीतरी बांधून पोट भरतो. तरी माझ्या फ्लॅटमधले दिवे बटण दाबूनच लागतात, म्हणून भाऊबंदांत मी 'अडाणी आयटीवाला'.

आमचं घर गुहागरच्या बाजूला. पुळण, मग नारळी-पोफळी, त्यात विहीर, मग घर. विहिरीवर एक एचपीचा पंप, पडवीत स्टार्टर, हिरवं बटण चालू, लाल बंद. ठाण्याचा चुलतभाऊ, आमचा दादा, शिमग्याला आला तो खिशात प्लग घेऊनच. स्टार्टर काढून टाकला आणि पंप थेट प्लगवर. मी तिथेच म्हटलं, दादा, हा आकडा इस्त्री-गीझरसाठी असतो. मोटर चालू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट खेचते, आतला रिले, म्हणजे ॲपच्या निरोपावर पॉइंट जोडणारा-सोडणारा छोटा स्विच, तेवढ्यासाठी केलेला नसतो. दादा म्हणाला, "१६ लिहिलंय, पंप घेतो पाच-सहा. तुम्हा लोकांना नुसतं घाबरवायला हवं." बाबा काही बोलले नाहीत. त्या वर्षी घराची कौलं दादाने बदलून दिली होती, कसे बोलतील?

दोनेक महिने झकास चाललं. दादा ठाण्यात लोकलमधून पंप सुरू करायचा आणि कुटुंबाच्या ग्रुपवर त्याचे स्क्रीनशॉट टाकायचा.

मे महिन्यात आई-बाबा लग्नाला चिपळूणला गेले. दादाने संध्याकाळी पंप लावला, तासाभराने बंद केला. ॲपवर 'बंद' दिसलं, तो झोपला. पंप रात्रभर चालू होता. सकाळी गडी आला तेव्हा आगराच्या खालच्या कोपऱ्यात नुसता राडा, पाट कोरडे, आणि पंप पाण्याविना घोंघावतोय. त्याने हात लावला तर चटका बसला. सील जळून गेलं होतं. वायरमनने प्लग उघडून माझ्यासमोर ठेवला: पिनांजवळचं प्लॅस्टिक तपकिरी झालेलं, मधे रिलेची छोटी डबी. तिच्यावर त्याने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दोनदा ठोकलं आणि आतून 'टक्' असा आवाज आला. चिकटलेले पॉइंट तेव्हा कुठे सुटले.

पंप दुरुस्त होतो हो. विहीर नाही होत. समुद्रालगतच्या विहिरीत वरचं गोडं पाणी जास्त उपसलं की खालून खारं चढतं. आमचं पाणी जे मचूळ झालं ते पाऊस लागेपर्यंत तसंच. आईची डाळ शिजेना, चहा प्यायला नको वाटे. यावर दादाचं म्हणणं काय, तर "पीस फॉल्टी निघाला."

पीस फॉल्टी नव्हता. रोज त्या मोटरचा धक्का खाऊन रिलेचं जे व्हायचं तेच झालं. आणि ॲपचंही काही चुकलं नाही. ॲपवर 'बंद' दिसतं याचा अर्थ 'बंद हो' हा निरोप प्लगला पोचला, एवढाच. मोटर खरंच थांबली का, हे साध्या प्लगला कळतच नाही. वॅट मोजणारे प्लग असतात, त्यांत निदान आकडा दिसतो, पण दिसून उपयोग काय? चिकटलेला पॉइंट ठाण्यातून कोण सोडवणार?

तुम्हाला हवा तो मोबाईल स्टार्टर. घाटावरचे शेतकरी कधीपासून वापरतायत: आत सिमकार्ड, मिस्ड कॉल किंवा एसएमएस दिला की पंप चालू-बंद. ओव्हरलोड आणि ड्राय रन असे दोन्ही बचाव असलेलाच घ्या, म्हणजे विहीर आटली तर तो स्वतः थांबेल. सिंगल फेज आहे की थ्री फेज ते सांगून घ्या. बरेचसे स्टार्टर २जीवर चालतात आणि जिओचं २जी नाहीच, तेव्हा सिम बघून. प्लगचाच हट्ट असेल तर प्लगवर फक्त काँटॅक्टरची, म्हणजे मोटरचा करंट पेलणाऱ्या मोठ्या स्विचची, कॉइल द्या, तोही एसी-३ म्हणजे मोटरसाठीच्या रेटिंगचा, आणि पुढे जास्त करंट गेला की मोटर तोडणारा ओव्हरलोड रिले. हे वायरमनकडून करून घ्या, यूट्यूब बघून नको. आणि हिरवं-लाल बटण काढू देऊ नका, कोणी कितीही कौलं बदलून दिलेली असोत.

दिव्यांचं म्हणाल तर हौस आहे. जांभ्याच्या भिंतींतून वायफाय माजघरापर्यंतही धड पोचत नाही. शिवाय बरेच स्मार्ट बल्ब लाईट जाऊन आली की आपोआप पेटतात, म्हणजे रात्री दोनला सगळं घर उजळून निघतं. आमच्याकडे पावसात लाईट रात्रीतून किती वेळा जाते ते तुम्हाला सांगायला नको.

कॅमेरा लावा, पण आत मेमरी कार्ड असलेला, नेट गेलं तरी रेकॉर्डिंग करणारा. खोक्यावरच्या आयपी ६६ या पाणी-धूळरोधक शिक्क्यावर भुलू नका, ती चाचणी साध्या पाण्याची असते, खाऱ्या हवेची नाही. कनेक्टरवर हिरवा थर चढतोच, जोड डबीत बंद करून घ्या. पासवर्ड पहिल्या दिवशी बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच कंपनीचे पासवर्ड न बदललेले कॅमेरे ताब्यात घेऊन अमेरिकेतल्या मोठमोठ्या साइट बंद पाडल्या होत्या. आणि रात्री लेन्सपुढे कोळ्याने जाळं विणलं की इन्फ्रारेडमध्ये ते पांढरंफेक दिसतं, वारा आला की तुमच्या मोबाईलवर 'हालचाल आढळली'.

स्मार्ट डोअरबेल कशाला विचारलीत कळलं नाही. गावात बेल वाजवतं कोण? अंगणातूनच हाक येते.

आणि हे सगळं कंपनीचा सर्व्हर चालू आहे तोवर. रिव्हॉल्व्ह नावाचा ३०० डॉलरचा हब होता, घरातली सगळी स्मार्ट उपकरणं एकत्र जोडणारी डबी. गूगलच्या नेस्टने २०१४ मध्ये ती कंपनी घेतली आणि मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केला, लोकांच्या घरातल्या चालत्या डब्या एका दिवसात निकामी. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे तर ना वीज होती ना टॉवर. तिथे ॲप काय करणार?

एक मात्र आहे. वडिलांना गुडघ्यांमुळे विहिरीपर्यंत जाताच येत नसेल, तर मोबाईल स्टार्टर नक्की बसवा. माझा विरोध त्याला नाही, दादाच्या प्लगला आहे. आमच्याकडेही आता मोबाईल स्टार्टरच आहे. बाबा तरी पडवीतलं हिरवं बटणच दाबतात, ती गोष्ट वेगळी.

दादा हे वाचणार, त्याला कोणीतरी लिंक पाठवेलच. तर दादा, पंपाच्या सीलचे आणि नव्या स्टार्टरचे पैसे बाबांनी दिलेत. कौलांचा हिशेब त्यातून वजा करून बाकीचे गणपतीला येशील तेव्हा घेऊन ये.