परदेशातलं रिफर्बिश्ड ग्राफिक्स कार्ड: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

सांगली-मिरज आणि आसपासच्या तालुक्यांतून या विषयावर बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: परदेशी साइटवर आरएक्स ५८० ८ जीबी रिफर्बिश्ड कार्ड इथल्या जुन्या कार्डाच्याही निम्म्या भावात दिसतंय. विक्रेत्याचं रेटिंग चांगलं आहे. घेऊ का? – अभियांत्रिकीचा विद्यार्थी, विश्रामबाग

उत्तर: आधी जाहिरातीत ‘२०४८ एसपी’ असं कुठे लिहिलंय का ते शोधा. नावात नसेल तर खालच्या तक्त्यात असतं, तिथेही नसेल तर विक्रेत्याला थेट विचारा. एएमडीच्या मूळ आरएक्स ५८० मध्ये २३०४ शेडर (चित्राची गणितं करणारे चिपमधले छोटे भाग; एनव्हिडिया त्यांनाच कोअर म्हणते) आहेत. चीनच्या बाजारासाठी त्याच नावाचं २०४८ शेडरचं कार्ड निघालं. ते म्हणजे जवळजवळ आरएक्स ५७० च. कार्ड म्हणून त्यात खोट नाही, पण ५७० साठी ५८० चे पैसे का मोजायचे?

नावाचा हा खेळ इतरत्रही चालतो. जीटीएक्स १०६० च्या ६ जीबी कार्डात १२८० कोअर आहेत, ३ जीबीच्या कार्डात ११५२. म्हणजे फरक फक्त मेमरीचा नाही. ‘आरटीएक्स ३०६० एम’ म्हणून मिळतं ते लॅपटॉपची चिप डेस्कटॉपच्या बोर्डावर बसवून केलेलं कार्ड. त्यात ३८४० कोअर आणि ६ जीबी मेमरी, तर डेस्कटॉपच्या मूळ ३०६० मध्ये ३५८४ कोअर आणि १२ जीबी. कोअरचा आकडा मोठा बघून हुरळू नका. एनव्हिडियाचा नेहमीचा ड्रायव्हर हे कार्ड ओळखेलच असं नाही. मग विक्रेत्याने दिलेली फेरफार केलेली फाइल वापरायची, आणि दर अपडेटला तीच कटकट. पी१०६-१०० हे तर निव्वळ मायनिंगचं, म्हणजे क्रिप्टोचलन मिळवण्यासाठी रात्रंदिवस गणितं करायचं कार्ड, मॉनिटरची केबल लावायला त्याला जागाच नाही.

इतका माल आला कुठून? १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टोचलनाने पद्धत बदलली आणि कार्डांवरचं त्याचं मायनिंग एका दिवसात बंद झालं. ती कार्डं धुऊन-पुसून, पंखे बदलून बाजारात आली. काहींची तर चिप आणि मेमरी जुन्या बोर्डावरून काढून नव्या बोर्डावर बसवलेली असते. ‘रिफर्बिश्ड’ या एका शब्दात हे दोन्ही प्रकार येतात. मायनिंगचं कार्ड म्हणजे मेलेलं कार्ड, ही समजूत आम्हाला पटत नाही. कमी व्होल्टेजवर एकसारखं चाललेल्या चिपला फारसं काही होत नाही. झिजतो तो पंखा, आणि तापते ती मेमरी. उखडून पुन्हा बसवलेल्या चिपची मात्र खात्री कुणीच देऊ शकत नाही.

प्रश्न: कार्ड मागवलं, आता पार्सल मुंबईत अडकलंय. कुरिअर कंपनी आधार आणि पॅन मागते आहे. ही फसवणूक तर नाही? ड्युटी किती बसेल? विक्रेता ‘पुढच्या वेळी गिफ्ट लिहून पाठवतो’ म्हणतो. – व्हिडिओ एडिटिंगचा व्यवसाय, विटा

उत्तर: परदेशी पार्सल सोडवायला केवायसी लागतंच. पण मेसेजमधल्या लिंकवर काही भरू नका. कंपनीची वेबसाइट स्वतः उघडा, ट्रॅकिंग नंबर टाका आणि तिथे कागद मागितले असतील तरच द्या.

ड्युटीचं असं आहे. संगणकाचा सुटा भाग म्हणून वर्गीकरण झालं तर मूळ सीमाशुल्क शून्य आणि आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) १८ टक्के. तो वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा या तिन्हींच्या बेरजेवर लागतो. समजा कार्ड ९,००० रुपये आणि वाहतूक १,८०० रुपये, तर १०,८०० वर १,९४४ रुपये. त्यावर कुरिअरचं क्लिअरन्सचं शुल्क आणि बँकेचं परकीय चलनाचं शुल्क. वैयक्तिक वापराची वस्तू म्हणून वर्गीकरण झालं तर त्याचं सीमाशुल्क वेगळं बसतं. स्क्रीनवरच्या ९,००० चे साडेबारा-तेरा हजार कसे होतात ते यातून कळेल.

‘गिफ्ट’ची पळवाट डिसेंबर २०१९ मध्येच बुजली. तेव्हापासून भेटवस्तू म्हणून आलेल्या मालाला, राखी आणि जीवरक्षक औषधं सोडली तर, सूट नाही.

याहून मोठी अडचण जाहिरातीत कुणी सांगत नाही. परकीय व्यापार धोरण २०२३ मध्ये संगणक-लॅपटॉपचे रिफर्बिश्ड सुटे भाग निर्बंधित यादीत आहेत. ते आणायला डीजीएफटीची (परकीय व्यापार महासंचालनालयाची) परवानगी लागते. म्हणून विक्रेता बिलावर बिनधास्त ‘नवीन’ लिहितो, किंमतही कमी दाखवतो. कागदावर आयातदार मात्र तुम्ही असता. अधिकाऱ्याने खोका उघडला, कार्ड वापरलेलं निघालं, तर खुलासा, दंड आणि वेळ पडली तर जप्तीही तुमच्या वाट्याला येते. विक्रेता नामानिराळा. आमचं मत सरळ आहे: परदेशातून मागवायचंच असेल तर नवीन कार्ड मागवा, वापरलेलं हवं असेल तर ते भारतातच घ्या. तुमच्या अडकलेल्या पार्सलबाबत खरं बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा द्या, आणि कार्ड रिफर्बिश्ड आहे हे लपवू नका.

प्रश्न: वापरलेलं कार्ड हातात आल्यावर नेमकं काय तपासायचं? – मिरज

उत्तर: खोका उघडण्यापासून व्हिडिओ सुरू ठेवा. पार्सलवरचं लेबल, मग सील, मग कार्डावरचा सिरियल नंबर, हे सगळं एकाच सलग चित्रणात यायला हवं. मध्ये तोडलेला व्हिडिओ तक्रारीत चालत नाही.

कार्ड लावण्याआधी उजेडात धरा. पंख्याच्या पात्यांमधून, मागच्या बाजूने चिपच्या कडा दिसतील तिथे बघा. पिवळट-तपकिरी चिकट डाग दिसला तर तिथे फ्लक्स (सोल्डर करताना लावतात तो पदार्थ) लावून गरम हवा मारलेली आहे. स्क्रूची डोकी घासलेली असणं चालेल, कारण चिपची उष्णता हीटसिंककडे नेणारी पेस्ट बदलायला ते उघडावेच लागतात. पोर्टांच्या धातूच्या पट्टीवर आणि पोर्टांच्या आत गंज असेल तर कार्ड पाण्याने धुतलेलं किंवा भिजलेलं आहे. सांगलीत जुनं कार्ड घेताना तर हे हमखास बघा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तळमजल्यावरचे किती तरी संगणक पाण्यात गेले. हीटसिंकच्या पत्र्यांच्या मुळाशी गाळाची बारीक रेघ राहते, ती ब्रशने जात नाही.

मग जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने काढा, कार्ड लावा, नवा ड्रायव्हर टाका आणि कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड उघडा. शेडरची संख्या, मेमरीचा प्रकार आणि बस विड्थ कंपनीच्या आकड्यांशी ताडून बघा. जुन्या चिपवर नवं नाव चढवलेली बरीच बनावट कार्डं हे सॉफ्टवेअर २०१८ पासून ओळखतं आणि नावाआधी ‘फेक’ असं दाखवतं. बस इंटरफेसच्या ओळीशेजारचं प्रश्नचिन्ह दाबून छोटी चाचणी सुरू करा, कारण कार्ड रिकामं असताना वेग आपोआप खाली येतो. चाचणी चालू असताना १६ लेनचं (लेन म्हणजे कार्ड आणि मदरबोर्डमधली माहितीची वाट) कार्ड ८ वरच अडकलं तर आधी स्लॉट आणि सोनेरी पट्ट्या साफ करून पुन्हा बघा. आरएक्स ६६०० मुळातच ८ लेनचं आहे, तिथे घाबरू नका.

यानंतर खरी परीक्षा. कार्डावर पूर्ण भार टाकणारं फरमार्क १५ मिनिटं, शेजारी तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं. चिपचं तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरची सर्वांत तापलेली जागा) यात १०-१५ अंशांचा फरक ठीक. २५-३० चा असेल तर पेस्ट वाळली आहे किंवा हीटसिंक नीट बसलेला नाही. आरटीएक्स ३०८० आणि ३०९० मध्ये मेमरीचं तापमान वेगळं दिसतं. ते ११० ला टेकलं की कार्ड स्वतःहून वेग कमी करतं. मेमरी आणि हीटसिंकच्या मधलं उष्णता नेणारं पॅड बदलून हे सुटतं, पण पॅडची जाडी मॉडेलनुसार वेगळी असते. अंदाजाने जाड पॅड घातलं तर हीटसिंक चिपवर टेकतच नाही. शेवटी ओसीसीटी या सॉफ्टवेअरची व्हीरॅम (कार्डावरची मेमरी) चाचणी. इथे एकसुद्धा चूक चालत नाही. एक दिसली तरी कार्ड परत.

मायनिंगसाठी कार्डाचा बायोस (कार्डातच साठवलेलं मूळ सॉफ्टवेअर) बदललेला असला तर गेममध्ये काळा पडदा येतो. नवा टाकण्याआधी जीपीयू-झेडमधून आत्ताचा बायोस जपून ठेवा. नवा घ्याल तो त्याच मॉडेलचा आणि त्याच कंपनीच्या मेमरी चिपला चालणारा हवा. सॅमसंगच्या जागी हायनिक्सचा टाकला की कार्ड सुरूच होत नाही, असं होऊ शकतं.

प्रश्न: कार्ड बसवलं, विंडोज चालतं, पण गेम सुरू झाला की पीसी बंद पडतो. – इस्लामपूर

उत्तर: कार्डाला दोष देण्याआधी वीज बघा. स्लॉटमधून ७५ वॅट, ६ पिनमधून ७५ आणि ८ पिनमधून १५० वॅट मिळतात. तुम्ही साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) वायरीवरून ८ पिनचा जोड केला असेल तर तो आजच काढा. साटाची १२ व्होल्टची मर्यादा ५४ वॅट आहे, त्यावर भार टाकला की प्लास्टिक वितळतं. आरएक्स ५८० ला खरा ५०० वॅटचा पॉवर सप्लाय हवा. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्यावरचा ‘५०० वॅट’ धरू नका.

दुसरा संशयित यूपीएस. आपल्याकडे घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा, म्हणजे साधारण ३६० वॅटचा. कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून गेममध्ये तो आकडा सहज गाठतात. पडताळायला पीसी काही वेळ थेट भिंतीच्या सॉकेटवर चालवा. दोष गेला तर एक केव्हीए किंवा त्याहून मोठा यूपीएस घ्या.

प्रश्न: घरी एआय मॉडेल चालवायला टेस्ला पी४० २४ जीबी स्वस्तात मिळतंय. – कुपवाड

उत्तर: २४ जीबी खरे आहेत, पण हे सर्व्हरचं कार्ड आहे. त्याला पंखा नाही, मॉनिटरचं पोर्ट नाही, आणि २५० वॅट खातं. मागे ब्लोअर बसवल्याशिवाय ते काही मिनिटांत तापून मंदावेल, सांगलीच्या एप्रिलमध्ये तर त्याहून लवकर. पॉवरचं कनेक्टर नेहमीचं ८ पिन नसून प्रोसेसरला लागतं ते ईपीएस प्रकारचं आहे. दिसायला सारखं असतं, पण १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट असतात. जबरदस्तीने बसवू नका, दोन ८ पिनवरून एक ईपीएस करणारी तयार वायर घ्या. मदरबोर्डच्या बायोसमध्ये ‘अबव्ह ४जी डिकोडिंग’ हा पर्याय नसेल तर कार्ड ओळखलंच जाणार नाही. आणि कुडा (एआयसाठी कार्ड वापरायचं एनव्हिडियाचं सॉफ्टवेअर) १३ पासून एनव्हिडियाने या पिढीचा आधार काढून घेतला आहे. आज चालणारं सॉफ्टवेअर जुन्या आवृत्तीवरच धरून ठेवावं लागेल. शिकायला ठीक, कामधंद्यासाठी नको.

प्रश्न: भाऊ दुबईहून येतोय, त्याच्याकडून नवीन कार्ड मागवलं तर? – तासगाव

उत्तर: हा बरा मार्ग. बिल भावाच्या नावाचं असू द्या, कार्ड मूळ खोक्यात हातातल्या बॅगेत आणा. सामानाच्या मोफत मर्यादेपेक्षा किंमत जास्त भरत असेल तर विमानतळावर जाहीर करा. वॉरंटी भारतात चालते का, हे मात्र दुकानात विचारूनच पैसे द्या. बऱ्याच कंपन्यांची ती देशापुरतीच असते.

प्रश्न: एजंटमार्फत मागवलेल्या कार्डावर रंगीत चौकडे दिसतात. विक्रेता म्हणतो, २० टक्के परत घ्या नाहीतर कार्ड पाठवा. – सांगली

उत्तर: चौकडे म्हणजे बहुतेक मेमरीची चिप गेली. २० टक्के घेऊ नका. ते घेतले की तक्रार मिटली असं धरलं जातं, आणि परत पाठवायचं म्हटलं तर कुरिअरचा खर्च बऱ्याचदा कार्डाच्या किमतीच्या जवळ जातो. नेमका याच हिशेबावर तो देकार असतो. साइटवरची तक्रार बंद करू नका, फोनवर किंवा चॅट अॅपवर बोलणी करू नका, सगळं साइटच्या संदेशातच लिहा. ईबेवर वस्तू मिळाल्यापासून साधारण ३० दिवसांची मुदत असते, पेपॅलवर पैसे भरल्यापासून १८० दिवसांची. क्रेडिट कार्डाने भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅकचा (व्यवहार उलटवून पैसे परत मिळवण्याचा) अर्ज लेखी करा, सोबत तो सलग व्हिडिओ आणि ओसीसीटीचा स्क्रीनशॉट जोडा. तुमची अडचण एजंटची आहे. अलीएक्स्प्रेसवर नोव्हेंबर २०२० पासून भारतात बंदी असल्यामुळे लोक त्याच्यामार्फत मागवतात, पण ऑर्डर त्याच्या खात्यावर असते आणि ग्राहक म्हणून संरक्षणही त्यालाच. तेव्हा तक्रार त्यालाच करायला लावा, आणि त्याने तुमच्याकडून पैसे घेतल्याचा यूपीआयचा पुरावा आजच काढून ठेवा.