झाकण कुठवर गेलं ते बघा

(या महिन्याची तिन्ही पत्रं दशांश अपूर्णांकांबद्दल आहेत. ठरवून निवडलेली नाहीत. सहामाही परीक्षा संपली की अशी पत्रं येतातच.)

बाई, माझा मुलगा सहावीत आहे, इंग्रजी माध्यमात. साधी बेरीज-वजाबाकी पटापट करतो, पण दशांश आले की घोळ. ०.२५ मोठं की ०.३, असं विचारलं तर ०.२५ म्हणतो, कारण २५ मोठे. ४.७ अधिक २ चं उत्तर ४.९ लिहितो. वर्कशीट काढली की पोट दुखतं म्हणून बाथरूममध्ये जाऊन बसतो. मी नोकरी करते, घरी यायला आठ वाजतात. रुपये-पैशांचे हिशेब करून घेतले, फरक पडला नाही. खेळता खेळता होईल असं काही आहे का?
— एक आई, डोंबिवली

ताई, वर्कशीट महिनाभर कपाटात टाका. पोट त्याशिवाय थांबायचं नाही.

मुलगा टिंबाला भिंत समजतोय. भिंतीच्या अलीकडे एक संख्या, पलीकडे दुसरी, आणि दोघींचा एकमेकींशी संबंध नाही. म्हणून पलीकडचे २५ हे ३ पेक्षा मोठे. म्हणून सातात दोन मिळवून नऊ. तुम्ही रुपये-पैसे घेतलेत, त्यानं ही भिंत आणखी पक्की झाली असणार. यात तुमचा दोष नाही. मीही वीसेक वर्षं दशांश पैशांवरच शिकवले. १२.५० म्हणजे बारा रुपये पन्नास पैसे, पोरांना लगेच कळायचं आणि मला वाटायचं, झालं काम. मग एकदा पाचवीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, ३.१२५ रुपये म्हणजे तीन रुपये एकशे पंचवीस पैसे ना?" वर्गात कोणी हसलं नाही. सगळ्यांना तेच वाटत होतं. त्या दिवशी मला समजलं की मी दशांश शिकवलेच नव्हते, एकाशेजारी एक दोन पूर्ण संख्या लिहायला शिकवल्या होत्या.

शिवाय आता पैसे हाताला लागतात कुठे? २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. म्हणजे तुमच्या मुलाच्या जन्माआधीच. त्याच्या दृष्टीनं पैसा म्हणजे बिलावरचे दोन आकडे, बस्स.

त्यापेक्षा लांबी घ्या. शिवणकामाची टेप किंवा सुताराची मेट्रिक टेप, बाटलीचं प्लास्टिकचं झाकण आणि हॉलमधली मोकळी फरशी. खडूनं रेघ मारायची, रेघेवर झाकण ठेवून टिचकी मारायची आणि कुठवर गेलं ते मीटरमध्ये लिहायचं. प्रत्येकी तीन टिचक्या. तिन्हींची बेरीज मोठी, तो जिंकला.

गेल्या मे महिन्यात माझी नातवंडं सुट्टीला आली होती, तेव्हा याच खेळावरून मोठं भांडण झालं. नातवाचं पहिलं झाकण गेलं १ मीटर ७ सेंटिमीटर. त्यानं लिहिलं १.७. पुढच्या दोन टिचक्या ०.९४ आणि १.१५. त्याच्या धाकट्या बहिणीच्या १.३२, ०.९८ आणि १.२१. मी कॅल्क्युलेटर दिला. त्याची बेरीज ३.७९, तिची ३.५१. नातू नाचायला लागला. बहीण फरशीवरच्या खडूच्या खुणांकडे बघत उभी. म्हणाली, "तिन्ही वेळा माझं झाकण पुढं गेलं. मग हा कसा जिंकला?"

मी तोंड बंद ठेवलं. ताई, अशा वेळी गप्प बसणं किती अवघड असतं ते मास्तरकी केलेल्यालाच ठाऊक. दोघं पुन्हा टेप घेऊन बसली. ३.७९ मीटर टेप उलगडली, त्याच्या तिन्ही उड्या एकापुढे एक ठेवून पाहिल्या, तर ३.१६ लाच संपल्या. वरचे ६३ सेंटिमीटर आले कुठून? दहा मिनिटं गेली असतील. मग नातूच म्हणाला, "आजी, १.७ म्हणजे टेपवर एकशे सत्तरपाशी येतं गं. माझं तर एकशे सातलाच आहे." आणि त्यानं सातच्या आधी शून्य घातलं. ते शून्य मी सांगितलं असतं तर चार दिवसांत विसरला असता.

तुमच्या मुलालाही असंच भांडू द्या. कोण बरोबर ते फरशीनं ठरवावं, आईनं ठरवायला जाऊ नये. समोर खेळायला भावंड नसेल तर तुम्ही खेळा आणि मधूनमधून तुम्हीच १.०७ ला १.७ लिहा. पोरांना मोठ्यांची चूक पकडायला भारी आवडतं.

दुसरा खेळ नेमबाजीचा. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं ते ४५१.४ गुणांवर. सुवर्णाचे गुण होते ४६३.६, रौप्याचे ४६१.३. अंतिम फेरीत प्रत्येक गोळीचे गुण दशांशात मोजतात आणि एका गोळीला जास्तीत जास्त मिळतात १०.९. घरी बंदूक नको, चिठ्ठ्या पुरतात. ८.० पासून १०.९ पर्यंतच्या चिठ्ठ्या मुलालाच करू द्या. बहुतेक तो ९.९ नंतर ९.१० लिहील. लिहू द्या. आधी सांगून ठेवा की चिठ्ठ्या बरोबर तीस भरल्या पाहिजेत, न जास्त न कमी. मोजताना तो स्वतःच अडखळेल. मग प्रत्येकानं पाच चिठ्ठ्या ओढायच्या, आधी बेरजेचा अंदाज बोलायचा, मग बेरीज करायची. ९.४, १०.२, ८.७, १०.९, ९.० आले, तर "पाच गोळ्या, साडेनऊच्या आसपास, म्हणजे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस" एवढं तोंडी यायला हवं. उत्तर ४८.२. अंदाजाच्या जास्त जवळ जो, त्याला एक गुण. अंदाज करायची सवय लागली की ४.७ अधिक २ बरोबर ४.९ हे त्याचं त्यालाच खटकेल.

भाजी आणायला त्याला बरोबर न्या. भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तीन दशांश स्थळं असतात. "पाऊण किलो भेंडी" एवढंच म्हणा आणि काटा कुठे थांबायला हवा ते त्याला आधी सांगायला लावा. ०.७५० मधलं शेवटचं शून्य कशाला, हे तो विचारेल. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द येत नाहीत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. त्यात भाषेचा अभिमान वगैरे नंतरचा, आधी गणिताचं नुकसान. माझी आजी शाळेत गेली नव्हती, पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ. सात दीड किती, विचारा. साडेदहा. म्हणजे ७ × १.५. "गुणाकार केला की संख्या वाढते" असं तुमचा मुलगा लवकरच म्हणेल, तेव्हा त्याला ०.५ × ०.५ आकड्यांत दाखवत बसू नका. अर्ध्याचा अर्धा किती, एवढंच विचारा. पाव म्हटलं की संपलं.

लोकलमध्ये किंवा दवाखान्यात बसल्या बसल्या करायचं असेल तर मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर. ३.४७२ टाका आणि म्हणा, एकाच वजाबाकीत फक्त चाराला उडव, बाकीचे आकडे जागचे हलता कामा नयेत. आधी तो ४ वजा करील आणि उणे उत्तर बघून दचकेल. मग कधीतरी ०.४ वर येईल.

खेळ वीस मिनिटांत थांबवा, त्याला अजून खेळायचं असलं तरी.

जाता जाता एक. आमच्या शाळेत दूध घालणाऱ्या घरातली मुलं दशांशात कधी चुकायची नाहीत. संध्याकाळी दूध संस्थेत किटली घेऊन जायचं, पावतीवर लिटर, फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) वाचायचं आणि घरी येऊन आजोबांना सांगायचं. फॅट ६.८ ची ६.६ झाली की "दोन पॉइंटनं घसरली" म्हणून घरात चर्चा. त्या घरांत एक दशांश म्हणजे एक पॉइंट आणि पॉइंट म्हणजे दर. डोंबिवलीत म्हैस कुठून आणणार, पण अशी खरी पावती घरात दुसरी कुठली येते ते शोधा. पेट्रोल भरल्याची बघा, लिटरही दशांशात आणि दरही.

सप्रेम नमस्कार. माझं वय ७९. नातू पाचवीत. टीव्हीवर सामना बघताना ४.३ षटकं झाली होती, तर तो म्हणाला, "म्हणजे साडेचार षटकं." मी म्हटलं, साडेचार म्हणजे ४.५, शाळेत काय शिकतोस? तो रुसला. त्याला क्रिकेटवरून दशांश शिकवावेत असं मनात आहे. कसे शिकवू?
— एक आजोबा, सातारा

आजोबा, आधी नातवाची समजूत काढा. तो बरोबर होता.

४.३ षटकं म्हणजे चार पूर्ण षटकं आणि तीन चेंडू. सहा चेंडूंचं षटक, त्यातले तीन म्हणजे अर्धं. साडेचारच. फलकावर ४.५ नंतर थेट ५ येतात, ४.६ राहत नाही, ४.७ तर येतच नाही. दिसायला टिंब तेच, पण ते दशांश चिन्ह नाही.

हे तुम्हाला कुणाहीपेक्षा चटकन कळेल. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले तेव्हा तुम्ही दहा-अकरा वर्षांचे असाल, त्याआधी आणे मोजलेत. सोळा आण्यांचा रुपया. चार रुपये आठ आणे म्हणजे साडेचार रुपये, त्याला कोणी ४.८ म्हणालं असतं का? षटकांचंही आण्यांसारखंच, फक्त सोळांऐवजी सहा. नातवाला आण्यांची गोष्ट जरूर सांगा. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे व्हायचे, म्हणजे ६.२५. सुट्ट्या पैशांवरून दुकानात कशी हुज्जत व्हायची तेही सांगा. ते ऐकायला त्याला क्रिकेटपेक्षा जास्त मजा येईल, असं आपलं मला वाटतं.

क्रिकेटवरून दशांशांची ओळख करून द्यायला जाऊ नका, गोंधळ वाढेल. ओळख पक्की झाली की मात्र धावगतीसारखा दुसरा खेळ नाही. ४.३ षटकांत ३६ धावा. नातू ३६ ला ४.३ नं भागेल तर ८.३७ येतील, ४.५ नं भागेल तर बरोबर ८. टीव्हीवर कोणता आकडा दिसतो ते बघून त्यानंच ठरवावं. घड्याळाची गंमतही हीच. १.३० वाजता म्हणजे दीड, १.३ नव्हे.

आम्ही श्टुटगार्टला राहतो. मुलगी सहावीत. इथे शाळेत दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम लिहितात, ३,५ असा. मी घरी सवयीनं टिंब देते. ती १.५०० ला दीड हजार म्हणते! मी घरी शिकवणं बंद करू का?
— एक आई, जर्मनी

बंद कशाला? लिहिताना शाळेची पद्धत ठेवा, ती बदलायला लावू नका. बोलताना "साडेतीन" म्हणा. साडेतीनात टिंबही नाही आणि स्वल्पविरामही नाही.

आणि तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी इकडे उरली नाही. एक सेंटचं नाणं अजून हातात येतं. वर मी पैशांवर बरंच तोंडसुख घेतलंय, पण नाणी खरोखर मोजायला मिळत असतील तर माझी हरकत नाही. दुकानात १,९९ आणि २,४९ अशा किमती सगळीकडे असतात. टोपली भरत असताना तिला मनात बेरीज करायला लावा आणि बिल देण्याआधी आकडा बोलायला सांगा. सुटे परत आले की दहा सेंटची नाणी एका ढिगात, एकाची दुसऱ्यात. पहिला ढीग दशांशांचा, दुसरा शतांशांचा.

फक्त आजीनं इकडून वाढदिवसाला १,५०० रुपये पाठवले, तर नात त्याला दीड रुपया समजेल. तेवढं आजीला आधी सांगून ठेवा.