आण्विक मेघ नाही भाऊ, रेणूमेघ

भाऊ, तुम्ही विचारलं की मॉलिक्युलर क्लाउडले, म्हणजे अंतराळातल्या रेणूंच्या थंड वायूच्या ढगाले, मराठीत आण्विक मेघ म्हणायचं का, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पोट्ट्यांनी चार्टवर तसंच लिहून आणलं म्हणून. माझं मत साफ आहे, रेणूमेघ लिहा.

पोट्ट्यांचा दोष नाही, आपल्याकडं अर्धा अभ्यास हिंदी व्हिडिओ पाहून होते आणि हिंदीत अणु म्हणजे मॉलिक्युल, ॲटमले ते परमाणु म्हणतात. मराठीत ॲटम तो अणू न् मॉलिक्युल तो रेणू, आण्विक म्हटलं की आपल्याले अणुबॉम्बच आठवते.

अन् इथं नुसता शब्दाचा वाद नाही, अर्थच बदलते. सर्पिल दीर्घिकेत, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या भोवऱ्यासारख्या भुजा असलेल्या ताऱ्यांच्या समूहात, दोन्ही तऱ्हेचे ढग असतात, सुट्या हायड्रोजन अणूंचे वेगळे, ते 21 सेंमीच्या रेडिओलहरींवर दिसतात, आणि रेणूंचे वेगळे, ते इतके थंड, शून्याखाली 260 अंशांच्या आसपास, की हायड्रोजनचा रेणू तिथं जवळपास गप्पच राहते, लहरी सोडत नाही, अन् सोबतच्या कार्बन मोनॉक्साइडच्या 2.6 मिमीच्या लहरींवरून त्याचा पत्ता लागते. तारे जन्मतात ते ह्या दुसऱ्या ढगांत. आण्विक लिहिलं तर ताऱ्यांची बाळंतखोली दुसऱ्याच घरी दाखवली ना.

रेणू हा शब्द मले तर फार आवडते. संस्कृतात रेणू म्हणजे धूळ, चरणरेणू म्हणतो तोच. आणि खरंच हायड्रोजनचे अणू जोडीनं येतात ते अंतराळातल्या धुळीच्या कणावर टेकून, वरून तीच धूळ सावली धरते म्हणून अतिनील किरणांनी रेणू तुटत नाहीत. दीर्घिकेच्या भुजांमध्ये वायू दाटते म्हणून हे ढग तिथं जास्त, फोटोत भुजेच्या आतल्या कडेनं काळी रेघ दिसते ना, ती हीच धूळ.

बोलताना ढग म्हटलं तरी चालते. आपल्या गावाकडं ढगाले आभाळ म्हणतात पण आभाळ म्हणजे आकाशही, घोळ होईल, म्हणून लिहिताना मेघ. फक्त तेजोमेघ वेगळा, तो चमकते, हा काळोखा.

हिवाळ्यात हरभऱ्याच्या जागलीवर गेले की मृगाच्या पोटातल्या बाणाखाली धूसर ठिपका पाहा, तो तेजोमेघ, 1350 प्रकाशवर्षांच्या आसपास, अन् त्याच्यामागं मोठा रेणूमेघ पसरलेला आहे, 1970 साली अंतराळातला कार्बन मोनॉक्साइड पहिल्यांदा तिथंच सापडला. पोट्ट्यांना तो दाखवा अन् मग चार्टवरचा शब्द त्यांच्याच हातानं बदलू द्या.