म्यूझस्कोअरमधल्या डिफॉल्ट सेटिंग्ज एकदाच सुधारून ठेवता येतात का?

तुमचा प्रश्न असा आहे की म्यूझस्कोअर 4 या स्टाफ नोटेशन लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नव्या गाण्याला तेच अक्षर मोठं करा, तीच अंतरं वाढवा, हे किती दिवस करायचं. आणि मुळातल्या सेटिंग्जच वाईट असतील तर फिनालेसारखं दुसरं सॉफ्टवेअर घ्यावं का?

सॉफ्टवेअर बदलू नका. फिनालेचं नाव तुम्ही घेतलंय, पण ते बनवणाऱ्या कंपनीनेच ऑगस्ट 2024 मध्ये ते बंद केल्याचं जाहीर केलं. डोरिको या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरचं पान मला आल्या आल्या जास्त देखणं वाटतं, हे खरं, पण तुमची तक्रार पाहता त्यासाठी पैसे खर्च करायची गरज नाही. तुमचं दुखणं दोन फाइलींनी बरं होणारं आहे.

मी पुण्यात एका हौशी गायनवृंदासाठी आणि साथीला बसणाऱ्या सात-आठ व्हायोलिन-चेलोवाल्यांसाठी पार्ट, म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याचे कागद, तयार करते. पहिल्या वर्षी सगळं माउसने ओढून बसवायचे. एमएफ (मध्यम जोराची खूण) स्लरला, म्हणजे स्वर जोडणाऱ्या कमानीला, चिकटला, ओढा खाली. शब्द स्वराला टेकले, ओढा खाली. मग कार्यक्रमाला चार दिवस उरले असताना चेलोवाले काका म्हणाले, "दिसत नाही गं, जरा मोठं कर की." मी स्टाफ, म्हणजे स्वर लिहायच्या पाच रेषा, मोठा केला आणि सगळ्या ओळी नव्याने मोडल्या. ज्या स्लरपासून वाचवायला मी तो एमएफ बाजूला नेला होता, ती स्लर आता पुढच्या ओळीत गेलेली, आणि एमएफ बिचारा तसाच अंग चोरून उभा. अशी साठ-सत्तर चिन्हं. सगळं निवडून कंट्रोल-आर दाबलं की ती मूळ जागी जातात, हे मला त्या रात्री कोणी सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून माझा एक नियम आहे: तीच गोष्ट तिसऱ्यांदा ओढावी लागली की हात माउसवरून काढायचा आणि स्टाइलमध्ये जायचं. फॉरमॅट मेन्यूतलं स्टाइल उघडलं की तिथे सगळं सापडतं, पण ते जंगल आहे. सोपी वाट अशी: एखादं चिन्ह निवडा, डावीकडच्या प्रॉपर्टीज पॅनेलमध्ये हवा तो बदल करा, आणि त्या बदलाशेजारच्या तीन टिंबांवर क्लिक करून 'सेव्ह ॲज डिफॉल्ट स्टाइल फॉर धिस स्कोअर' निवडा. त्या स्कोअरमधली त्या जातीची सगळी चिन्हं एकदम बदलतात.

आता बदलायचं काय? सगळ्यात आधी स्टाफचा आकार. म्यूझस्कोअर सगळी मापं 'स्पेस'मध्ये मोजतो, म्हणजे स्टाफच्या दोन रेषांमधलं अंतर. ते मुळात 1.75 मिमी असतं, म्हणजे अख्खा स्टाफ 7 मिमी. एकट्याने स्टँडजवळ बसून वाजवायला ते पुरतं. पण व्हायोलिनवाले दोघांत एक स्टँड घेतात, कागद हातभर लांब असतो, आणि आमच्याकडे निम्म्यांना चाळिशी लागलेली आहे. मी पेज सेटिंग्जमध्ये 1.9 करते, म्हणजे 7.6 मिमी. सगळ्यांचे पार्ट एकत्र दाखवणाऱ्या स्कोअरमध्ये मात्र मोठं करू नका, तिथे उलट लहान लागतं. पार्टांची स्टाइल स्कोअरपासून वेगळी असते, म्हणून एक पार्ट उघडून हा बदल करा आणि 'अप्लाय टू ऑल पार्ट्स' दाबा.

मग बार नंबर, म्हणजे उभ्या रेषांनी पाडलेल्या खणांचे आकडे. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ते असतात तेच बरोबर आहे, प्रत्येक बारवर घालू नका, पान मुंग्या लागल्यासारखं दिसतं. फक्त आकार वाढवा. "चौतीसपासून घेऊ" म्हटल्यावर सगळे कागदावर नाक टेकवायला लागले की समजायचं, आकडे बारीक आहेत.

रेषांच्या जाडीला नव्या फाइलीत हात लावायची गरज नाही. जानेवारी 2021 मध्ये 3.6 आवृत्तीबरोबर लेलँड हा नोटेशन फॉन्ट आला, 'स्कोअर' नावाचं जुनं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या लेलँड स्मिथ यांच्या नावाचा. तेव्हा स्टाफची रेष 0.08 स्पेसवरून 0.11 झाली. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण त्याआधीच्या फाइलींचे पार्ट झेरॉक्स होऊन आले की पाचातल्या दोन रेषा मध्येच विरघळलेल्या असायच्या. तुमच्याकडे तशा जुन्या फाइली असतील तर तेवढी जाडी वाढवून घ्या.

खरी मेहनत मराठी शब्दांची आहे, आणि तिथे कुठलंच सॉफ्टवेअर आपल्याला आयतं देत नाही. म्यूझस्कोअरचा मजकुराचा फॉन्ट एडविन. त्यात देवनागरी नाही, म्हणून संगणक त्याच्या मनाने दुसरा फॉन्ट उचलतो. तुमच्याकडे एक, मैत्रिणीच्या मॅकवर दुसरा, आणि बहुतेक वेळा ल आणि श हिंदी वळणाचे. टेक्स्ट स्टाइल्समध्ये लिरिक्सच्या, म्हणजे गाण्याच्या शब्दांच्या, सम आणि विषम अशा दोन वेगळ्या नोंदी आहेत. दोन्हींना फॉन्ट नेमून द्या. मी टिरो देवनागरी मराठी वापरते, 10 ऐवजी 12 पॉइंट. एकच नोंद बदललीत तर पहिलं कडवं एका अक्षरात आणि दुसरं भलत्याच. मी हे करून बसले आहे.

शिवाय रोमन अक्षरांच्या हिशेबाने ठरलेलं अंतर आपल्याला पुरत नाही. वरच्या कडव्यातला उकार खाली लोंबतो, खालच्या कडव्यातला रफार वर उसळतो, आणि दोघांची टक्कर होते. लिरिक्सच्या स्टाइलमध्ये लाइन हाइट 100 टक्के असते, ती 125 च्या आसपास न्या. शब्द आणि स्टाफ यांच्यातलं किमान अंतरही थोडं वाढवा.

तोडणीचंही पाहा. 'सूर्य' हा शब्द दोन स्वरांवर आहे. गाताना आपण सूर्-य असंच म्हणतो, पण तसं टाइप केलंत तर र चा पाय मोडलेला दिसतो आणि गाणारा अडखळतो. सू-र्य असं तोडा. जोडाक्षर कधी हायफनच्या दोन्ही बाजूंना वाटू नका. उच्चार गाणाऱ्याला माहीत असतो. आणि एकच अक्षर पुढच्या स्वरांवर लांबवायला अंडरस्कोअर लागतो, तो इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर मिळतच नाही. शिफ्ट धरून हायफन दाबलं की विसर्ग उमटतो. त्यामुळे तेवढ्यापुरतं इंग्रजी कीबोर्डवर यावं लागतं. आमच्या एका भजनात प्रत्येक तानेच्या शेवटी विसर्ग छापून आला होता. गायनवृंदाने तो इमानेइतबारे म्हटलाही.

हे सगळं एका गाण्यात मनासारखं झालं की फॉरमॅटमधून सेव्ह स्टाइल करा. एमएसएस प्रकारची छोटी फाइल तयार होते. स्कोअर उघडा ठेवून एक आणि पार्ट उघडा ठेवून दुसरी, अशा दोन करा. मग प्रेफरन्सेसमध्ये स्कोअर या पानावर या दोन फाइलींसाठी दोन जागा आहेत, तिथे त्या नेमून द्या. यापुढचं प्रत्येक नवं गाणं तुमच्याच डिफॉल्टने उघडेल. जुनी गाणी आपोआप बदलत नाहीत. त्यांना लोड स्टाइल करावं लागतं, आणि तेही मूळ फाइलीची प्रत काढून. वाद्यांचा संच कायम तोच असेल तर एक रिकामा स्कोअर डॉक्युमेंट्समधल्या म्यूझस्कोअर 4 च्या टेम्प्लेट्स फोल्डरमध्ये टाका, नवा स्कोअर करताना तो 'माय टेम्प्लेट्स'खाली दिसतो.

स्वरांच्या दांड्यांची लांबी आणि बीमचा, म्हणजे दांड्या जोडणाऱ्या पट्टीचा, उतार यांना हात लावू नका. ती गणितं त्यांनी आपल्यापेक्षा बरी केलेली आहेत.

पान उलटायची जागा मात्र कुठलीही सेटिंग ठरवून देत नाही. प्रत्येक पार्टात लांब विश्रांती शोधायची, तो बार निवडून कंट्रोल-एंटर दाबायचं, पान तिथे तुटतं. आणि वादकांना पीडीएफच पाठवा. मूळ फाइल पाठवलीत तर तुमचा टिरो त्यांच्या संगणकावर नसेल, आणि पुन्हा हिंदी ल.