जुन्या टायरचा रोलर: आधी टायरचं तोंड मोजा, मग पाइप घ्या

तुम्ही विचारलंय की जत भागातली हलकी जमीन आहे, ४५ एचपीचा ट्रॅक्टर आहे, शाळू पेरल्यावर माती दाबायला जुन्या टायरचा रोलर घरी होईल का.

होतो, आणि लोखंडी रोलरपेक्षा बरा होतो. बिनहवेचा टायर फिरताना दबतो-सुटतो, त्यामुळे चिकटलेली माती झडत राहते. बाभळीच्या काट्याचंही भय नाही.

घोळ होतो तो टायर ज्यावर ओवायचे त्या पाइपच्या मापात. १३ इंची टायरचं आतलं तोंड ३३० मिमी. बाजारात '१२ इंची' म्हणतात तो पाइप बाहेरून ३२४ मिमी भरतो, म्हणजे चारी अंगांनी तीन-तीन मिमी मोकळीक, नेमका बसतो. १४ इंची टायरला १४ चा पाइप आणाल तर दोन्ही ३५६, टायर चढायचाच नाही. म्हणून १४५/८० आर १३ चे (१४५ मिमी रुंद, १३ इंची; माप टायरच्या बाजूला छापलेलं असतं) बारा टायर घ्या, सारख्या झिजेचे. मध्येच एखादा कमी झिजलेला आला की तो उंच राहतो आणि शेजारचे दोन्ही मातीला नीट टेकत नाहीत.

टायर एकावर एक रचून उंची मोजा आणि पाइप त्यापेक्षा ५० मिमी आखूड कापा. साधारण १७०० मिमी येईल. सहा मिमी जाडीचा असेल तर वजन ८० किलोच्या आसपास. दोन्ही तोंडांना १२ मिमी प्लेटची झाकणं. ५० मिमीचा शाफ्ट नुसत्या झाकणाला वेल्ड करू नका, तडकतो. पाइपात २०० मिमी आत दुसरी चकती बसवा, तिला पाणी जायला भोक ठेवा आणि शाफ्ट दोन्हींतून घ्या. झाकणावर बाहेरून सहा लांब स्टड (आटे पाडलेल्या सळ्या) आणि पाणी भरायला एक इंची सॉकेट. वेल्डिंग चालू असताना सॉकेट उघडंच ठेवा, आतली गरम हवा कोंडता कामा नये.

वेल्डिंग सगळं आधी उरका, टायर शेवटी. रबराजवळ ठिणगी नको. पाइप उभा करा, खाली ४५० मिमीची चकती बसवा, साबणाचं पाणी लावून टायर वरून सोडा, वर दुसरी चकती ठेवून नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. टायर सैल राहिले तर पाइपवर घसरून त्यांची कड खाल्ली जाते. दोन्ही टोकांना यूसीपी २१० बेअरिंग (५० मिमी शाफ्टचं, बैठकीसकट येणारं), ग्रीस निपल वर. फ्रेम ७५ मिमीच्या लोखंडी चॅनेलची, ट्रॅक्टरमागच्या थ्री पॉइंटला (अवजार जोडायच्या तीन जोडांना) जोडायची.

रिकामा रोलर फ्रेमसकट अडीचशे किलोच्या घरात जातो. हलक्या रानाला पेरणीनंतर तेवढा पुरे. पाइपात सुमारे १३० लिटर पाणी मावतं. ते ढेकळं फोडताना, पेरणीआधी भरा. काँक्रीट ओतायचा सल्ला कुणीतरी देईलच, ऐकू नका, ते परत काढता येत नाही.

चालवताना लिफ्टचा लिव्हर पूर्ण खाली, वेग ताशी ५-६ किलोमीटर. बांधाशी वळताना उचलाच. टेकवून वळलात तर टायर आडवे घसटतात आणि बी उघडं पडतं. रोलर काढण्याआधी मातीचा मुटका करून कमरेएवढ्या उंचीवरून टाका. फुटला तर वाफसा, म्हणजे कामाला योग्य ओल, आहे. चपटा झाला तर रोलर शेडमध्येच राहू द्या, नाहीतर वर पापुद्रा धरतो आणि कोंब अडतो.

प्रत्येक टायरच्या नक्षीत चार ठिकाणी १० मिमीची भोकं पाडायला विसरू नका. पावसाचं पाणी आत साठलं की डासांची पैदास सुरू.