दादा जामिनावर सुटलाय, पण...

प्रश्न : माझा मोठा भाऊ साडेतीन वर्षं कच्चा कैदी म्हणून आत होता, केस अजून चालूच आहे, बारा दिवसांपूर्वी जामीन झाला. आम्ही पेढे वाटले आणि हा खोलीतून बाहेरच येईना. रात्री लाइट बंद करू देत नाही, पहाटेच उठून मांडी घालून बसतो. परवा स्वतःचं घड्याळ माझ्या मुलाला देऊन टाकलं आणि म्हणाला, तुम्हाला माझा त्रासच झाला गं. आई म्हणते रुळेल हळूहळू. रुळेल का?
— एक बहीण, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, लाइट आणि पहाटेच्या बसण्याला एवढं घाबरू नका. बरॅकमधे रात्रभर दिवा असतो, सकाळी मोजणी असते, अंगात मुरलेली सवय आहे ती, जायला वेळ लागणारच. मला खटकलं ते घड्याळ, आणि ते त्रासाचं वाक्य, मनात जीव द्यायचे विचार असलेला माणूस कधी कधी असंच करतो.

सुटला म्हणजे सुटलो असं आपण धरून चालतो, पण इंग्लंड-वेल्समधल्या एका अभ्यासात (2006 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला) दिसलं की सुटकेनंतर वर्षभरात ज्यांनी जीव दिला त्यातला साधारण पाचातला एक पहिल्या 28 दिवसांतच गेला. आत जेवण-झोप सगळं दुसरं कोणीतरी ठरवतं आणि बाहेर आल्या आल्या कर्ज, कोर्टाची तारीख, गावाच्या नजरा सगळं एकदम अंगावर येतं. त्यामुळे आईंचं "रुळेल" आत्ता बाजूला ठेवा.

आजच विचारा, सरळ : दादा, मरायचे विचार येतात का? विचारल्याने डोक्यात येत नाही हो, उलट मोकळं होतं माणूस. हो म्हणाला तर शपथा घालू नका, लेक्चर तर नकोच, एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या आणि फवारणीची औषधं त्याच्या हाताला लागणार नाहीत अशी हलवा आणि त्याच दिवशी सिव्हिलला मानसोपचारवाल्यांना दाखवा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, रात्री-बेरात्रीही लागतो, मराठीत बोलतात, तुम्ही स्वतःसाठीही करू शकता. आणि त्याने काही करून घेतलंच तर नवी केस होईल, जामीन जाईल या धाकाने दवाखाना टाळायचा नाही, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं 115 कलम अशा माणसाला तीव्र तणावाखाली धरतं, शिक्षा नाही.

आत झोपेच्या वगैरे गोळ्या चालू होत्या का हेही विचारा, सुटताना त्या अचानक तुटतात आणि घरच्यांना पत्ताच नसतो.

विषय कसा काढू म्हणाल तर घड्याळावरूनच काढा, का दिलंस रे म्हणून.